जुन्या डेस्कटॉपची रॅम आणि डिस्क वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर फार संथ झाला आहे. आधी रॅम वाढवू की एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लागणारी, चिपांवर साठवणारी डिस्क) बसवू?

आधी अडचण कुठे आहे ते पाहा, खरेदीचा विचार नंतर. तुमचं रोजचं काम नेहमीसारखं सुरू करा. ब्राउझर, हिशेबाची शीट, जे काही एका वेळी उघडं असतं ते सगळं उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि कामगिरीच्या टॅबवर पाच मिनिटं नजर ठेवा. विंडोज ७ असेल तर हीच माहिती रिसोर्स मॉनिटरमध्ये दिसते.

मेमरी निम्मी-पाऊण भरलेली आहे आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्क्यांवर अडकली आहे, असं दिसलं तर दोष हार्ड डिस्कचा आहे. रॅम कितीही वाढवली तरी फारसा फरक पडणार नाही. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल आणि डिस्कही शंभरवर असेल, तर मूळ कमतरता रॅमची आहे. जागा संपली की विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. डिस्क व्यस्त दिसते ती या ने-आणीमुळे. आणि दोन्ही निवांत असून प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर असेल, तर या पानावरचा कोणताही उपाय तुमच्या उपयोगाचा नाही.

माझा अनुभव असा की ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशिनला दोन्ही लागतं, पण एकच शक्य असेल तर आधी एसएसडी. रॅम २ जीबी किंवा त्याहून कमी असेल, तर मात्र रॅमला पर्याय नाही.

एसएसडीने एवढा फरक का पडतो? माझी हार्ड डिस्कही सेकंदाला १०० एमबी वाचते.

सलग वाचते तेव्हा. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना सलग वाचन फार थोडं असतं. हजारो छोट्या फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात आणि प्रत्येकीसाठी डिस्कच्या हाताला जागा बदलावी लागते.

गणित सोपं आहे. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग हाताखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी हात योग्य रिंगणावर पोचायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एका शोधाला १३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला ७५च्या आसपास शोध होतात. प्रत्येक शोधात ४ केबी मिळाले, तर शंभर एमबीचा वेग मिरवणारी तीच डिस्क प्रत्यक्षात सेकंदाला ३०० केबी देते! तुम्ही पडद्याकडे बघत थांबता तो वेळ इथे जातो.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साधी साटा (डिस्क मदरबोर्डला जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडीसुद्धा असे हजारो छोटे शोध एका सेकंदात उरकते. मशिन नवं झाल्यासारखं वाटतं ते यामुळे, ५५० एमबीच्या जाहिरातीतल्या आकड्यामुळे नव्हे.

माझ्या मदरबोर्डवर साटा २ आहे. नवी एसएसडी वाया जाईल का?

नाही. साटा २ची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० एमबी आहे, साटा ३ची ६००. मोठी फाइल कॉपी करताना हा फरक दिसेल. वर सांगितलेल्या छोट्या वाचनांत एसएसडीही सेकंदाला काही दशक एमबीच देते, त्यामुळे ती मर्यादा मध्ये येतच नाही. इंटेलच्या एच६१ चिपसेटवर (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) तर साटा ३ मुळी नाहीच, तरीही अशा बोर्डांवर एसएसडी बसवून समाधानाने काम करणारे पुष्कळ लोक आहेत. बोर्डावर दोन्ही प्रकारचे पोर्ट असतील (अनेकदा त्यांचा रंग वेगळा असतो), तर एसएसडी साटा ३वर लावा आणि जुनी डिस्क साटा २वर. एसएसडीसाठी रांगेतल्या पहिल्या क्रमांकाचा पोर्ट बघू नका, मदरबोर्डच्या पुस्तिकेत कोणता पोर्ट ६ गिगाबिटचा आहे ते बघा.

फक्त रुंद पट्टीसारखी केबल आहे, साटा दिसतच नाही. मग?

ती आयडीई, साटाच्या आधीची पद्धत. ४० पिनांची जोडणी, कमाल वेग सेकंदाला १३३ एमबी. आयडीई ते साटा रूपांतर करणारे छोटे बोर्ड मिळतात आणि चालतात. पण एवढ्या जुन्या मशिनचा प्रोसेसर आजचं एखादं वेबपान उघडतानाच दमतो. त्यातला डेटा सुखरूप बाहेर काढण्यावर लक्ष द्या, एवढंच सुचवेन.

कोणती रॅम बसेल हे कसं ओळखायचं?

सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यातल्या मेमरीच्या टॅबवर रॅमची पिढी, म्हणजे डीडीआर२, डीडीआर३ की डीडीआर४, ते कळतं, आणि एसपीडीच्या टॅबवर कोणत्या स्लॉटमध्ये किती जीबीची रॅमची पट्टी आहे ते दिसतं. लिनक्सवर हेच काम ‘डीएमआयडीकोड’ करतं. मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक त्याच वेळी लिहून ठेवा, पुढे पावलोपावली लागेल.

एका पिढीची रॅम दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३, दोघींना २४० पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. डीडीआर४ला २८८ पिना. व्होल्टेजही वेगळं: डीडीआर२ला १.८, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. ती खाच चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ठेवलेली आहे.

डीडीआर३एल लिहिलेली पट्टी १.३५ व्होल्टची असते, पण ती १.५वरही चालते. म्हणून डीडीआर३च्या जुन्या बोर्डावर लावायला हरकत नसते. उलटं मात्र गृहीत धरू नका: फक्त १.३५ देणाऱ्या बोर्डावर साधी डीडीआर३ चालेलच असं नाही.

जास्तीत जास्त किती रॅम लावता येईल?

हे मदरबोर्ड, त्यावरचा चिपसेट आणि प्रोसेसर मिळून ठरवतात. इंटेलचा जी३१ चिपसेट ४ जीबीवर थांबतो, जी४१ ८ जीबीवर, एच६१ १६ जीबीवर. एच६१ला दोनच स्लॉट, म्हणजे प्रत्येकी ८. खात्रीसाठी त्या मॉडेलची पुस्तिका निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि मेमरीचं पान वाचा. जुन्या बायोसमुळे (बायोस म्हणजे मशिन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) मोठी पट्टी ओळखली जात नाही, असंही होतं. पुस्तिकेत नवा बायोस मोठ्या पट्ट्या चालवतो असं लिहिलं असेल, तर आधी बायोस अद्ययावत करा आणि मग पट्टी लावा.

एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जी४१सारख्या बोर्डांना पट्टीवरच्या प्रत्येक चिपची घनता महत्त्वाची असते. ४ जीबीची पट्टी १६ चिपांची, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ, असेल तर ती चालते. तेवढीच क्षमता आठ चिपांत भरलेली नवी पट्टी हा बोर्ड ओळखत नाही, किंवा अर्धीच ओळखतो. जुन्या बोर्डासाठी रॅम घेताना दोन्ही बाजूंचे फोटो मागा आणि चिपा मोजा.

८ जीबी लावली, विंडोज ३.२५ जीबीच वापरता येते म्हणतं. रॅम खोटी आहे का?

रॅम बरी आहे, विंडोज ३२-बिट आहे. नेहमीचं ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पत्त्यांपलीकडे जात नाही, आणि त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स कार्ड व इतर हार्डवेअरसाठी राखीव असतात. ६४-बिट विंडोज नव्याने टाकावं लागेल, वरच्या वर अपग्रेड होत नाही. एसएसडी बसवणारच असाल तर दोन्ही कामं एकाच दिवशी करा.

६४-बिट असूनही कमी दिसत असेल, तर ‘एमएसकॉन्फिग’मध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत कमाल मेमरीवर खूण चुकून राहिली आहे का ते बघा.

जुनी पट्टी काढून टाकू की नवी तिच्या जोडीला लावू?

जोडीला लावून बघा. वेग वेगळा असेल तर दोघी हळू पट्टीच्या वेगाने चालतात, आणि रोजच्या कामात ते जाणवत नाही. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या एकाच रंगाच्या स्लॉटमध्ये लावल्या तर बहुतेक बोर्डांवर ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरण्याची सोय) चालू होतं. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्या मशिनला त्याचा चांगला उपयोग होतो, कारण पडद्यावरचं चित्रही त्याच रॅममध्ये असतं. ४ आणि २ जीबी अशी विषम जोडी इंटेलच्या अनेक बोर्डांवर अंशतः ड्युअल चॅनेलमध्ये चालते. एकाच चॅनेलवरच्या ८ जीबीच्या मोहाने सारख्या चार-चारची जोडी सोडू नका, पण पुढे वाढवायचं असेल आणि स्लॉट दोनच असतील तर एक आठची घेणंच शहाणपणाचं.

सर्व्हरची वापरलेली रॅम फार कमी दरात दिसते. घेऊ का?

लेबलवर ‘आर’ अक्षर असलेली रजिस्टर्ड रॅम, म्हणजे आरडीआयएमएम, साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. खाच जुळते, पट्टी छान बसते, आणि मशिन सुरूच होत नाही. तसंच ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी ४ जीबीची डीडीआर२ पट्टी इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. नाव वाचून घ्या.

पट्टी बसवताना काय काळजी घ्यायची?

मशिन बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जातो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. पट्टी कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. क्लिपा उघडा, खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. क्लिपा आपोआप खट्ट करून बंद व्हायला हव्यात. काही बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते, दुसरी शोधत बसू नका.

कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरवरच्या पंख्यातली धूळ मऊ ब्रशने काढा. आणि मदरबोर्डवरचे उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटर बघा. एखाद्याचं डोकं फुगलेलं किंवा फुटून पिवळट-तपकिरी डाग पडलेला दिसला, तर त्या मशिनवर आणखी खर्च करू नका. ते आता कधीही बंद पडेल, आणि डेटा आधी बाहेर काढायला हवा.

रॅम लावली आणि पडदा काळा. फक्त बीप वाजते.

घाबरू नका, बहुतेक वेळा पट्टी पूर्ण बसलेली नसते. वायर काढा, पट्टी काढून पुन्हा बसवा. जमलं नाही तर एकच पट्टी ठेवा आणि प्रत्येक स्लॉटमध्ये आळीपाळीने बघा, म्हणजे दोष स्लॉटचा की पट्टीचा ते वेगळं होतं. जुन्या पट्टीचे संपर्क काळवंडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अनेक जण पेन्सिलीच्या खोडरबराने घासतात. त्यानेही काम होतं, पण हलक्या हाताने, आणि कण झटकून. बीपचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो, पुस्तिकेतला तक्ता बघा.

सुरू झालं तरी लगेच विश्वास टाकू नका. मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून निदान एक पूर्ण फेरी चालवा, रात्रभर चालवली तर उत्तम. एकही चूक दाखवली तरी ती पट्टी परत करा. खराब रॅम मशिन बंद पाडते ते परवडलं, पण ती फाइली कॉपी करताना गुपचूप बिघडवतेही, आणि ते महिन्यांनी कळतं.

जुनी डिस्क क्लोन करू (म्हणजे जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवू) की विंडोज नव्याने टाकू?

दोन्हींच्या आधी बॅकअप. हे मी मनापासून सांगतो आहे. एकदा सारख्याच क्षमतेच्या दोन डिस्क जोडून क्लोन करताना माझ्याकडून मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली, आणि रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटली. नऊ वर्षांचे घरचे फोटो त्यात होते. त्याच सकाळी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत घेतली होती म्हणून ते आज आहेत. तेव्हापासून मी क्लोनची आज्ञा देण्याआधी दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक लेबलवरून कागदावर उतरवतो आणि पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघतो. तुम्हीही तसंच करा.

मशिन नीट चालत असेल, सॉफ्टवेअर पुन्हा मिळवणं अवघड असेल, तर क्लोन करा. क्लोनझिला मोफत आहे, पण त्यात लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी असावी अशी अपेक्षा असते. छोट्या एसएसडीवर जाताना आधी विभाजन लहान करावं लागतं. विंडोज वर्षानुवर्षं साचून जड झालं असेल तर नव्याने टाका. विंडोज १०चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे त्याच बोर्डावर नव्याने टाकलं तर ते आपोआप सक्रिय होतं.

विंडोज एक्सपीच्या काळातली डिस्क क्लोन करत असाल तर एक अडचण येते. एक्सपी पहिलं विभाजन ६३व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) सुरू करत असे, आणि ते एसएसडीच्या ४ केबीच्या चौकटीत बसत नाही. प्रत्येक लेखन दोन चौकटींवर पसरतं आणि वेग घटतो. व्हिस्टापासून विभाजन १ एमबीवर सुरू होतं, तिथे हा प्रश्न नाही.

क्लोन करण्याआधी जुनी डिस्क धडधाकट आहे का, कसं बघू?

क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (प्रलंबित सेक्टर) आणि सी६ (न सुधारता येणारे सेक्टर) या ओळींत शून्य हवं. सी५ वाढत असेल तर क्लोन करत बसू नका. आधी सर्वांत महत्त्वाच्या फाइली हाताने कॉपी करा, मग उरलेल्यासाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते खराब जागी अडून न बसता आधी चांगला भाग वाचून घेतं. सी७ मात्र वेगळं आहे. ते केबलमधल्या चुका मोजतं, डिस्कमधल्या नव्हे. साटाची केबल बदला, बऱ्याचदा आजार तिथेच संपतो.

बायोसमध्ये साटा डिस्क चालवण्याचे आयडीई (जुना) आणि एएचसीआय (नवा) असे पर्याय आहेत. कोणता ठेवू?

एएचसीआय. पण विंडोज आयडीईत टाकलेलं असताना नुसतं बदललं, तर सुरू होताना निळा पडदा येतो. विंडोज १०वर सरळ रस्ता आहे: ‘एमएसकॉन्फिग’मध्ये सेफ बूट निवडा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, आणि मग सेफ बूटची खूण काढा. निळा पडदा आलाच तर बायोसमध्ये पुन्हा आयडीई करा, सगळं पूर्ववत होतं.

एम.२ एनव्हीएमई एसएसडी (छोट्या पट्टीसारखी, साटापेक्षा वेगवान) पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डावर लावता येईल?

लावता येईल आणि डेटासाठी वापरता येईल. तिच्यावरून विंडोज सुरू करायचं असेल तर बायोसला एनव्हीएमई कळायला हवं, आणि ते साधारण २०१४नंतरच्या बोर्डांपासून मिळू लागलं. जुन्या बोर्डावर साटा एसएसडी घ्या. जो फरक तुम्हाला जाणवणार आहे तो हार्ड डिस्क आणि एसएसडीमधला आहे. साटा आणि एनव्हीएमईमधला रोजच्या कामात कळतही नाही.

एसएसडी निवडताना काय बघू? ती लवकर झिजते म्हणतात.

टीएलसी प्रकारची (प्रत्येक पेशीत तीन बिट साठवणारी), नावाजलेल्या कंपनीची, निदान २५० जीबीची. झिजण्याचं भय आकड्यांपुढे टिकत नाही. १५० टीबी लेखनाची हमी असलेल्या एसएसडीवर तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, तर वर्षाला ७.३ टीबी होतात, म्हणजे हमीचा आकडा गाठायला वीस वर्षं. खरं भय आहे ते खोट्या क्षमतेचं. क्षमतेच्या मानाने फारच कमी दर असेल तर एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासा. ते डिस्क भरतं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं.

डीफ्रॅगचं (विखुरलेल्या फाइली सलग मांडणारं) बाहेरचं सॉफ्टवेअर काढून टाका. विंडोज ७पासून पुढे ट्रिम (पुसलेल्या जागा एसएसडीला कळवणं) आपोआप चालतं.

एसएसडीला कॅबिनेटमध्ये जागाच नाही आणि पॉवरची केबलही नाही.

अडीच इंची एसएसडीसाठी साडेतीन इंची पट्टा मिळतो. तो नसला तरी चालतं. आत हलणारं काही नाही, दोन स्क्रूंवर किंवा पक्क्या चिकटपट्टीवर ती बसते. पॉवरसाठी जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटाचं अडॅप्टर लागतं. साच्यात ओतून बंद केलेला, गुळगुळीत प्लास्टिकचा अडॅप्टर घेऊ नका. त्यात आतल्या तारा एकमेकींना चिकटून जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या घट्ट दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या.

डेटासाठी ४ टीबीची डिस्क लावली, २ टीबीच दिसते.

डिस्कवरच्या विभाजनांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीने केली गेली आहे, आणि ती पद्धत ५१२ बाइटच्या सेक्टरांवर २ टीबीपुढे मोजू शकत नाही. डिस्क रिकामी असतानाच जीपीटी या नव्या पद्धतीवर न्या. जुन्या बायोसवरून विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही, पण डेटासाठी चालते. म्हणून विंडोज छोट्या एसएसडीवर आणि मोठी डिस्क नुसत्या साठवणीला, ही मांडणी जुन्या मशिनला शोभते.

एवढं केल्यावर विंडोज ११ चालेल का?

अधिकृतपणे नाही. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. रॅम आणि एसएसडीने ते बदलत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे इंटरनेटवर रोज वापरल्या जाणाऱ्या जुन्या मशिनवर मी लिनक्स टाकतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर ते अगदी हलकं चालतं.

तारीख दर वेळी मागे जाते. हेही यातलंच?

नाही, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. बदला. बायोस मात्र मूळ मांडणीवर जातो, एएचसीआयचा पर्याय पुन्हा बघून घ्या.

काढलेली हार्ड डिस्क कुठे ठेवू?

निदान महिनाभर तिला हात लावू नका. नव्या एसएसडीवर एखादी फाइल राहून गेली असेल तर ती याच काळात आठवते. नंतर ती साटा-यूएसबी केबलने किंवा कॅबिनेटमध्ये दुसरी डिस्क म्हणून वापरा, पण एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका. एसएसडी दीर्घकाळ बंद कपाटात ठेवून त्यावर फोटो जपायची कल्पनाही सोडा. वीज न मिळाल्यास तिच्या पेशींतला विद्युतभार हळूहळू ओसरतो. दुसऱ्याला द्यायची असेल तर हार्ड डिस्कवर पूर्ण शून्यं लिहा, नुसतं फॉरमॅट करू नका. एसएसडी पुसायला शून्यं पुरत नाहीत. त्यासाठी निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधली सिक्युअर इरेज आज्ञा वापरा.